बोलता येतं, लिहिता येत नाही (आणि उलटंही): दोन भाषांतली दरी कशी मोजायची, कशी बुजवायची

भाच्याचा फोन आला तेव्हा तो आणि माझी बहीण तलाठी कार्यालयाच्या बाहेर उभे होते. माझे वडील गेल्यानंतर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. तलाठ्यांशी त्याचं अर्धा तास बोलणं झालेलं. गट नंबर, विहिरीचा हिस्सा, चुलत्यांचा बांध, सगळं त्याने अस्खलित मराठीत समजावून सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, एक अर्ज लिहून द्या." तिथे गाडी अडली. "मावशी, तू सांग, मी लिहितो," तो म्हणाला. पहिल्याच शब्दाला प्रश्न आला, "विषयमधला ष पोटफोड्या ना?"

मुलगा इंग्रजी माध्यमात शिकलेला, ठाण्यात वाढलेला. घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. रिक्षावाल्याशी भांडतो मराठीत, मित्रांना शिव्या देतो मराठीत, पण चार ओळींचा अर्ज लिहिताना हात थरथरतो. हसायचा अधिकार मला नाही, कारण माझं उलटं आहे. दहावीपर्यंत सांगलीकडच्या गावात मराठी माध्यम, पुढे अनुवादाचा आणि मुद्रितशोधनाचा धंदा. इंग्रजीत दहा पानांचा मजकूर मी बिनचूक लिहून देते. त्याच मजकुरावर कुणी फोन करून इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की माझी बोबडी वळते.

आम्हा दोघांनाही लोक एकच सल्ला देतात, "भाषा सुधारा." या सल्ल्याने काहीही होत नाही. भाच्याची मराठी बिघडलेली नाही आणि माझी इंग्रजीही नाही. बोलणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यातल्या ज्याला खाणं मिळालं तेच वाढलं. म्हणून खालची कृती भाषेसाठी नाही, कामासाठी आहे.

आधी तक्ता काढा

"मराठी: उत्तम, इंग्रजी: बरी" असं बायोडेटात लिहितो तसं इथे चालणार नाही. युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ साली भाषेच्या पातळ्या ठरवल्या, तेव्हा ऐकणं, वाचणं, संवादात बोलणं, सलग बोलणं आणि लिहिणं अशा पाच वेगळ्या रांगा केल्या. एकाच माणसाची एकाच भाषेतली पातळी रांगेगणिक वेगळी असू शकते हे त्यात गृहीतच आहे. स्वित्झर्लंडमधले भाषामानसशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ग्रोजाँ याहून पुढची गोष्ट सांगतात: द्विभाषिक माणूस म्हणजे एका अंगात दोन एकभाषिक माणसं नव्हेत. तो वेगवेगळ्या भाषा वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या कामांसाठी वापरतो, म्हणून प्रत्येक भाषा तिच्या तिच्या कामापुरती वाढते.

तेव्हा वहीत आडव्या ओळीत भाषा लिहा आणि उभ्या ओळीत कामं. कामं खरी हवीत: आईशी फोन, सोसायटीच्या बैठकीत बोलणं, वरिष्ठांना मेल, बँकेत तक्रार, शोकसंदेश, मुलाच्या शिक्षिकेला चिठ्ठी, डॉक्टरला दुखणं सांगणं, आकडेमोड. आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी केलेल्या कामापुढे खूण करा. सहज झालं, अडखळत झालं, टाळलं. "टाळलं" ही खूण सगळ्यात महत्त्वाची. भाच्याच्या तक्त्यात "कुटुंबाच्या ग्रुपवर देवनागरीत लिहिणं" यापुढे सातही दिवस "टाळलं" होतं. तो तिथे रोमन लिपीत मराठी लिहितो किंवा अंगठा दाखवून मोकळा होतो.

आकडेमोड मुद्दाम ठेवलीय, कारण तिथे चित्र उलटतं. ५९ लिहायला कुणाला अडचण नसते, पण "एकोणसाठ" म्हणताना इंग्रजी माध्यमाची मुलं "फिफ्टी नाइन"कडे पळतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनपद्धत आणली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. तो वाद बोललेल्या आकड्याचा होता. लिहिलेल्या आकड्याला कुणीच हात लावला नव्हता.

कोणती दरी बुजवायची नाही, तेही ठरवा

प्रत्येक रिकामी चौकट भरलीच पाहिजे असं नाही. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली ज्या समाजांचं वर्णन केलं, त्यात झ्युरिकची माणसं घरी-दारी स्विस जर्मन बोलतात आणि लिहितात प्रमाण जर्मन. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. आपल्या शेजारी गोव्यात कितीतरी घरांत बोलणं कोंकणीत आणि पेपर मराठी, पत्र मराठी, आरती मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. तंजावरला व्यंकोजींच्या काळापासून गेलेली कुटुंबं आजही घरी मराठी बोलतात आणि लिहितात तमिळ. तिथल्या एखाद्या आजीला "तुम्हाला मराठी येत नाही" म्हणून बघा!

तक्त्यातल्या ज्या चौकटीमुळे तुमचं काम अडतं, पैसे जातात किंवा मनाला लागतं, फक्त तिच्यावर गोल करा. दोन-तीनपेक्षा जास्त गोल करू नका.

मग तीन मिनिटांची परीक्षा

गोल केलेल्या कामाबद्दल मोबाइलवर तीन मिनिटं बोला आणि ध्वनिमुद्रण करा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, मुद्रण न ऐकता, पंधरा मिनिटांत लिहून काढा. मग दोन्ही शेजारी ठेवा.

लिहिलेल्यात मुद्दे सगळे आले, पण अक्षरं चुकली, तर दुखणं लिपीचं आहे. अक्षरं बरोबर पण सगळं गप्पांसारखं वाटतंय, तर दुखणं वळणाचं, म्हणजे लेखी भाषेची ओळख नाही. बोलताना दहा मुद्दे आणि लिहिताना तीनच, तर ती भीती आहे. बहुतेक वेळा शाळेतल्या लाल शाईची. आणि बोलतानाच अडखळलात पण लिहिलेलं झकास आहे, तर तुम्ही माझ्या पंगतीचे. तुमच्यासाठीचा भाग खाली आहे, मधला सोडून सरळ तिथे गेलात तरी चालेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेतल्या अभ्यासाची भाषा अशी फारकत केली. स्थलांतरितांची मुलं साधारण दोन वर्षांत गप्पा मारू लागतात, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात. भाच्याच्या शाळेत मराठी हा आठवड्याला काही तासिकांचा विषय होता, तोही पाठांतराचा. त्याला लेखी मराठी येत नाही यात नवल काय?

लिपी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

त्या दिवशी अर्जाआधी भाच्याने मला देवनागरीत एक संदेश टाकला होता. त्याच्या परवानगीने तो जसाच्या तसा देते:

"उद्या आई ला हॉस्पीटल मधे नेयच आहे. तीची तब्बेत बरी नाहि."

हवं होतं ते असं: "उद्या आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचं आहे. तिची तब्येत बरी नाही." दोन वाक्यांत आठ चुका, पण त्या आठ वेगवेगळ्या नाहीत. "आई ला" आणि "हॉस्पीटल मधे" मधली जागा ही इंग्रजीची सवय. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं. "घरापासून", "तुझ्यासाठी", "टेबलावर" हे एकेक शब्द आहेत. एवढी एक गोष्ट सुधारली तरी मजकूर निम्मा सुधारल्यासारखा दिसतो, म्हणून पहिला आठवडा फक्त याच्यासाठी.

दुसरा आठवडा शेवटच्या अक्षरासाठी. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: नाही, पाणी, लाडू, कवी, गुरू. "आणि", "नि" आणि "परंतु", "तथापि" यांसारखी संस्कृत अव्ययं हे अपवाद. "नाहि" असं कुठेही, कधीही लिहायचं नाही, इतका हा नियम सोपा आहे.

तिसरा आठवडा जरा अवघड. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून "ती" पण "तिची", "किती", "सुरी". शब्दाला प्रत्यय लागला की आतला दीर्घही ऱ्हस्व होतो: गरीब–गरिबाला, फूल–फुलाला, वकील–वकिलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे मानत नाहीत. गीताला, शरीराला, पूजा. कोणता शब्द संस्कृत आणि कोणता नाही हे कळणं हीच खरी मेख. शंका आली की कोश उघडायचा. मी पंचवीस वर्षं हे काम करतेय आणि रोज उघडते.

चौथा आठवडा अनुस्वाराचा. जुन्या पुस्तकांत "नांव", "कांही", "घरांत" दिसतं ते बघून गोंधळू नका. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. आता "घरात" म्हणजे एका घरात आणि "घरांत" म्हणजे अनेक घरांत. हाच अनुस्वार आदरालाही लागतो. अर्जात भाच्याने "वडीलाचे" लिहिलं होतं. या एका शब्दात तिसऱ्या आठवड्याची चूक आहे आणि चौथ्याचीही. "वडिलांचे" असं त्याने तीनदा लिहून काढलं, तेव्हा दोन्ही नियम एकदम बसले. तुम्हीही प्रत्येक नियमासाठी असा एक तुमच्या घरातला शब्द शोधा.

कान दगा कुठे देतो, तेही माहीत हवं. "चार" आणि "चाक" यांतला च वेगळा ऐकू येतो, अक्षर एकच. "करतो" म्हणताना र अर्धा ऐकू येतो म्हणून पुष्कळ जण "कर्तो" लिहितात. आणि "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. मोबाइलवर ऱ सापडत नाही म्हणून लोक "दुसऱ्या"चं थेट "दुसर्या" करून टाकतात.

त्यावरून कळफलक. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी मिळवायची सोय घाईच्या वेळी चांगली, पण शिकायच्या काळात बंद ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ ती परस्पर ठरवते, तुमच्या बोटाला काहीच कळत नाही, आणि मधेच हिंदी रूपं घुसवते. देवनागरी अक्षरांचा कळफलक घ्या. संगणकावर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) असेल तर स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला येतात. शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, ल ची दाबली की ळ. पहिले आठ दिवस डोकं फिरतं. बोलून टाइप करायची सोयही सध्या नको, कारण ती बरोबर लिहून देते आणि तुम्ही होता तिथेच राहता.

हाताने लिहिणं सोडू नका. रोज पाच ओळी, रेघांच्या वहीत. किराण्याची यादी चालेल.

गप्पांच्या मराठीतून कागदावरच्या मराठीत

लिपी जमली तरी अर्ज जमत नाही. भाच्याने फोनवर मला सांगितलेलं असं होतं: "आईचे वडील मार्चमध्ये गेले. जमीन त्यांच्या नावावर आहे. आता आईचं आणि तुझं नाव लावायचंय." यात काहीही चूक नाही. मी त्याला म्हटलं, हेच आधी कागदावर उतरव, जसंच्या तसं. मग अर्ज आईच्या सहीने जायचा म्हणून "आईचे वडील" चे "माझे वडील" झाले. "गेले" चं "यांचे दि. … रोजी निधन झाले". "त्यांच्या नावावर" चं "त्यांच्या नावे". "लावायचंय" चं "लावण्यात यावे, ही विनंती". शेवटी "सोबत मृत्यूचा दाखला व प्रतिज्ञापत्र जोडले आहे". वर "विषय: सातबारा उताऱ्यावर वारसनोंद होणेबाबत". झाला अर्ज.

पद्धत हीच: आधी बोला, मुद्रण करा, ऐकत ऐकत शब्दन् शब्द उतरवा, "म्हणजे", "ते काय", "ना" काढून टाका, आणि मग एकेका वाक्याचा पोशाख बदला. कोऱ्या कागदासमोर बसून "लेखी मराठी" आठवत बसलात तर काहीच येणार नाही. बोलणं तुमचं भांडवल आहे, ते वापरा.

पोशाख किती बदलायचा हे कागद कुठे जाणार त्यावर. सरकारी अर्जाला "केले, असे, माझे" ही रूपं लागतात. शोकसंदेशाला, पत्राला, लेखाला "केलं, असं, माझं" अधिक जवळची वाटतात. हा लेख त्यातच आहे. फक्त एका मजकुरात एकच धरा. "मी निवेदन केले आहे आणि प्रतिज्ञापत्र जोडलं आहे" असली खिचडी झाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि सगळीकडे "सदर", "उपरोक्त", "तत्संबंधी" पेरू नका. पहिल्यांदा लिहायला लागलेल्या माणसाला कार्यालयीन मराठीची फार हौस येते. भाच्याने पुढच्या आठवड्यात आपल्या आजीला वाढदिवसाचा संदेश पाठवला: "आपणांस कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की". आजी म्हणाली, "कुणाची नोटीस आलीय?"

नमुने जमवा. पाच प्रकारचे कागद पुरेत: एक अर्ज, एक आमंत्रण, एक शोकसंदेश, एक तक्रार, एक साधं पत्र. चांगले लिहिलेले मिळाले की हाताने उतरवून घ्या आणि उतरवताना क्रियापदांखाली रेघ मारा. लेखी मराठीची बरीचशी गंमत क्रियापदांत आहे: करण्यात यावे, कळावे, मिळावे, असावी, होणेबाबत.

उलटी बाजू: लिहिता येतं, तोंडून येत नाही

आता माझी पंगत. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांची इंग्रजी डोळ्यांतून आत गेलेली असते. शब्द माहीत असतो, त्याचा आवाज माहीत नसतो. कर्ज या अर्थाचा "डेट" लिहिताना मधे "बी" येतो, म्हणून मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी भर वर्गात "डेब्ट" म्हटलं होतं. हशा झाला आणि पुढची तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही.

माझी मोठी चूक मात्र दुसरी होती. ऑनलाइन बैठकीआधी मी पूर्ण उत्तरं लिहून काढायचे आणि बघून वाचायचे. पहिलं उत्तर फक्कड जायचं. समोरून एखादा उपप्रश्न आला की कागदावर त्याचं उत्तर नसायचं आणि मी गप्प. लिहिण्याचा आधार घेऊन बोलणं वाढत नाही, कारण लिहिताना वेळ आपल्या हातात असतो आणि बोलताना समोरच्याच्या.

आता मी कागदावर फक्त पाच शब्द लिहिते, वाक्य एकही नाही. आणि भाषाशिक्षणात ४-३-२ म्हणून ओळखला जाणारा सराव करते. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच राहतो, त्यामुळे काय बोलू ही चिंता संपते आणि सगळं लक्ष ओघावर जातं. तीन माणसं कुठून आणायची? मी एक फेरी कणीक मळताना भिंतीला सांगते, दुसरी मोबाइलमध्ये मुद्रित करते आणि तिसरी भाच्याला फोन करून. तो इंग्रजीत उपप्रश्न विचारतो, मुद्दाम वाकडे. बदल्यात मी त्याची वही तपासते. असा उलट्या पंगतीचा जोडीदार मिळाला तर क्लासची फी वाचते.

तुम्हीच लिहिलेली मेल मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडते तिथला शब्द कोशातल्या ध्वनीवर ऐका. रोज तीन शब्द. याशिवाय वेळ काढायची वाक्यं तोंडपाठ करा, "एक मिनिट, बघून सांगते", "तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?" या अर्थाची. बोलण्यात यांना फार किंमत आहे. मराठीत आपण "अगं, कसं आहे ना" म्हणत तेच करतो.

मुलांसाठी थोडंसं

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण सक्तीने लिहिलेलं उत्तरपत्रिकेतच राहतं. मुलाला खऱ्या माणसाला लिहायला लावा. परदेशातली मुलं तर मराठी ऐकतात, समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. त्यांच्या बाबतीत लिहिण्याची घाई नको, आधी आजी-आजोबांबरोबर बोलणं वाढू द्या. लिहायला लागली की पहिले सहा महिने लाल पेन घरात ठेवू नका.

अर्जाचं सांगायचं राहिलं. पहिल्यात गट नंबर चुकला म्हणून तो परत आला. दुसरा भाच्याने मला न विचारता लिहिला आणि देऊन झाल्यावर फोटो पाठवला. "वडिलांचे" बरोबर होतं, "उताऱ्यावर" मधला ऱ्यासुद्धा. "वारसनोंद" चं मात्र "वारीसनोंद" झालं होतं. तलाठ्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला.